रिकाम्या फरशीवरचा दिवा

भाचीला घ्यायला गेले तेव्हा तिच्या नाट्यवर्गात एका जुन्या संस्कृत नाटकाची तालीम चालली होती. रंगमंचावर सामान काहीच नव्हतं. दासी झालेली भाची हाताचा आडोसा धरून, नसलेला दिवा वाऱ्यापासून जपत घेऊन आली, वाकून तिने तो फरशीवर ठेवला आणि बाजूला झाली. मागून राजा झालेला मुलगा ऐटीत आला.

"थांब," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "दिव्यावरून गेलास."

मुलगा दचकला. जीन्सवर घेतलेल्या उपरण्याचं टोक उचलून त्याने ते जळलंय का पाहिलं! कुणीही हसलं नाही.

अशी नाटकं आम्हीही शिकलो, पण परीक्षेपुरती. त्यातला दिवा आम्हाला कधी चटकाच देऊन गेला नाही. इतकी शतकं तो तेवत राहिला, तो अशाच पोरांच्या तळव्यांआड असणार.

मधल्या सुटीत मुलांनी चहा घेतला, दंगा केला, पण त्या जागेला वळसा घालून. खोलीत उकडत होतं. मी पंखा लावायला उठले, बटणापर्यंत हात गेला, आणि तसाच मागे आला.