आईच्या फोनातलं स्टेटस

शेतातला माझा वाटा मला हवाच होता, पण त्याआधी भावाची जिरवायची होती. हे मी कुणापासून लपवलं नाही, वकिलांपासूनही नाही.

त्या भाऊबीजेला मी शिळफाट्याहून पोशीरला माहेरी गेले होते. सुट्ट्या संपून कचेऱ्या उघडल्या तशी भावाने मला कर्जतला नेलं. वडिलांच्या शेतावर सगळ्या वारसांची नावं लावायची आहेत, म्हणाला. त्याने ओवाळणीत घातलेली साडी नेसून मी गेले आणि तो दाखवील तिथे सह्या केल्या. शाळेत पोरांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून रोज ओरडणारी बाई मी. पण सख्ख्या भावासमोर कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. लाज वाटली. ते हक्कसोडपत्र होतं. केसाने गळा कापला मेल्याने.

हे मला कळलं त्याच संध्याकाळी, आईने कौतुकाने फोन पुढे केला तेव्हा.

“बघ गं, किती ग्वाड दिसतेस.”

भावाच्या स्टेटसला माझा फोटो होता, नव्या साडीत, सही करताना. वर लिहिलं होतं, ‘एका साडीत बहीण कटवली, शेत मोकळं.’ ते स्टेटस त्याने माझ्यापासून आणि माझ्या नवऱ्यापासून लपवलं होतं. आईपासून लपवायचं त्याच्या डोक्यातही आलं नसणार, कारण तिला अक्षरओळख नाही. मी हसले. आईच्याच फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवला, वहिनीने दिलेला चहा प्यायले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी वकील गाठले.

वकील म्हणाले, पुरावा चालेल, पण फोन ज्याचा त्याने तसं लिहून द्यायचं आणि साक्षीला उभं राहायचं. म्हणजे आईने. जी त्याच्याच घरात दोन घास खाते, तिने. एखादी शहाणी बाई तिथेच थांबली असती. मी आईचा अंगठा घेतला. तिला सांगितलं, ‘फोन माझा आणि फोटो त्यात आला’, एवढंच खरं खरं सांग. फोटोवर काय लिहिलं होतं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने फोन विहिरीत टाकला असता.

कोर्टात भावाचे वकील म्हणाले, हे खासगी स्टेटस आहे, मोजक्या माणसांसाठी टाकलेलं. न्यायाधीशांनी विचारलं, आई त्या मोजक्यांत होती ना? भाऊ खाली बघायला लागला. मला तिथेच पेढे वाटावेसे वाटले.

मग त्याच वकिलांनी आईला विचारलं, तुम्हाला वाचता येत नाही, तर फोटोवर काय लिहिलंय ते तुम्हाला कसं कळणार?

“त्यालाच इचारला मी. म्हनला, ताई लक्षुमीवानी दिसते, असं लिवलंय.”

न्यायाधीशांनी स्टेटसवरचं खरं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. आईने ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. भावाचं तोंड कसं पडतं ते बघायला मी दोन वर्षं थांबले होते, आणि ऐन वेळी माझं लक्ष आईवरून हलेना. ती कठड्याला धरून नुसती उभी होती.

पुढे निकाल माझ्या बाजूने लागला. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. भावाची चारचौघांत शोभा झाली, याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी आधाराला दिलेला हात आईने बाजूला केला.

“त्यानं मला फसवली,” ती म्हणाली. “तुला तर समदं म्हाईत होतं गं. तरी मला हितं उभी केलीस.”