चार मात्रांची जागा

शनिवारी दुपारी कारखान्याच्या गेटवर निरोप आला, "ईट गावचा लिंबाजी गेला." मी विचारलं, "कुठं गेला?" खरंच विचारलं. मंगळवारीच तर तो मला वाशीच्या आठवडी बाजारात भेटला होता, धडधाकट, पन्नाशीचा गडी... सकाळी मुलीला सॅक्सोफोन शिकवता शिकवता खाली बसला, तो उठलाच नाही. दीड महिना झाला, अजून माझा विश्वास बसत नाही. बाजारात त्यानं विचारलं होतं, "क्लॅरिनेट हाय का इकलं?" म्हटलं, "हाय पेटीत." "मग रविवारी ये की घिऊन." मी म्हणालो, "बघू." हा मी त्याच्याशी बोललेला शेवटचा शब्द.

लिंबाजी हैदराबादेत एका हॉटेलात गोव्याच्या वादकांबरोबर जाझ वाजवायचा. तिथून परतून तो आमच्या ईटच्या बँड पार्टीत आला. मी क्लॅरिनेटवर होतो. वरातीत सिनेमाचं गाणं चालू असताना हा मध्येच ते सोडून स्वतःचंच काहीतरी वाजवायचा. नवरदेवाचा घोडा बिथरायचा, बँडमालक शिव्या घालायचा. सोनारीच्या जत्रेत मात्र लोक त्याच्याभोवतीच गोळा व्हायचे. मग दुष्काळ पडला. लग्नं चार माणसांत उरकू लागली, बँड कोण बोलावणार? आम्ही दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलो. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाऊन झाली की लिंबाजी पोत्यातून सॅक्सोफोन काढायचा. पलीकडं बायांचे हातोडे चालूच असायचे. तो म्हणायचा, "दत्तू, ठोका पडतो तिथं सूर घ्यायचा न्हाय. त्याच्या मागनं यायचं." त्या हातोड्यांवर त्यानं एक धून बांधली. तिला आम्ही 'खडी' म्हणायचो. त्यानं सुरांत विचारायचं आणि मी चार मात्रांत उत्तर द्यायचं, असा तिचा बाज. उत्तर रोज नवं पाहिजे. कालचंच वाजवलं तर दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही. इतका उपाशी आणि इतका खूश मी पुन्हा कधी नव्हतो.

पुढं पाऊस आला, सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मला टाइम ऑफिसात नोकरी लागली. मी बँड सोडला. लिंबाजी एवढंच म्हणाला, "बरं केलंस. लेकरंबाळं हायती." पहिल्या हंगामात उसाची मोळी टाकायच्या दिवशी बँड त्याचाच होता. पुढारी यायला वेळ होता म्हणून त्यानं 'खडी' सुरू केली. माझी जागा आली तसा तो थांबला आणि नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी नवा खाकी गणवेश घालून रांगेत उभा होतो. मी खाली बुटांकडं बघितलं. चार मात्रा गेल्या आणि तो पुढं वाजवू लागला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मला वाटलं, विषय संपला.

लिंबाजी गेल्यावरच्या जलदान विधीच्या दिवशी त्याचे दहा-बारा शिष्य जमले. त्यांत त्याची मुलगी शालनही होती. त्यांनी 'खडी' धरली, आणि माझ्या जागेवर सगळे एकदम थांबले. चार मात्रा कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. नंतर मी शालनला बाजूला घेऊन विचारलं, "तिथं का थांबलात गं?"

"आबांनी तसंच शिकवलंय, काका. म्हणायचे, ही जागा आपली न्हाय, दुसऱ्याची हाय. तिथं फुंकायचं न्हाय."

"कुणाची?"

"ते कवाच न्हाय सांगितलं."

बारा वर्षं या माणसानं माझी जागा मोकळी ठेवली, पोराबाळांना ती राखायला शिकवलं, आणि मी म्हणालो, बघू.

गेल्या रविवारी पेटी उघडली. क्लॅरिनेट पुसून ईटला गेलो. लिंबाजी शिकवायचा त्या खोलीत शालन एकटीच वाजवत होती. मी शेजारी बसलो. जागा आली, ती थांबली. मी क्लॅरिनेट ओठांना लावलं. काय वाजवावं ते सुचेना. पाचव्या मात्रेला माझा सूर फुटला, आणि तोवर शालन पुढं गेली होती.