खळ्यातला प्रोग्रॅम

प्रोग्रॅम लिहिणारे जगात पुष्कळ असतील, पण सारवलेल्या खळ्यात प्रोग्रॅम काढणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत कॉम्प्युटर पाहिलेली माणसंच थोडी. अशात आमचे भावोजी बोटीवरची नोकरी सोडून आले ते टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर बगलेत मारून, आणि पडवीत त्यांनी चक्क क्लास काढला. मात्र पडद्यावर एकाखाली एक उमटणाऱ्या त्या इंग्रजी ओळींचा त्यांना मनस्वी तिटकारा. "अरे, विचार असा ओळीनं चालतो काय? रेशनला उभा आहे तो?" असं म्हणत ते समोरच्याला ओढत खळ्यात नेत आणि तांदळाच्या पिठानं अख्खा प्रोग्रॅम काढून दाखवत. काम म्हटलं की चौकोन, प्रश्न आला की शंकरपाळा, तेच काम पुन्हा करायचं तर गेरूचा बाण मागे वळवलेला. मग मुलांना त्या बाणांवरून पाढे म्हणत चालावं लागे. शंकरपाळ्यात उभं राहून 'हो' किंवा 'नाही' असं ओरडल्याशिवाय पुढं पाऊल टाकायची सोय नव्हती. एकदा हे पाढ्यांचं संचलन भलतंच रंगात आलेलं असताना ताई दारातून म्हणाली, "अहो, तुमचा सातचा पाढा कोंबड्यांनी खाल्लानी बघा!"

पुतणीच्या लग्नात तर त्यांनी वाढप्यांसाठी मांडवाच्या कनातीवरच चित्र काढलं. 'पानात आमटी आहे?' असा शंकरपाळा. नसेल तर वाढा, असेल तर पुढच्या पानाकडे चला. पंगतीतून बाहेर पडायचा बाण तेवढा काढायचा राहिला. वाढपी पडले आज्ञाधारक. शेवटच्या पानावरून पुन्हा पहिल्या पानाकडे असे ते फिरतच राहिले आणि आमटीचं पातेलं खडखडीत झालं. दुसरी पंगत ताटकळलेली, भावोजी घामाघूम. तेवढ्यात नवऱ्यामुलाचे काका हात धुता धुता म्हणाले, "आमच्या मंडणगडात एवढा आग्रह कोणी करत नाही हो!" झालं! चूक कबूल करायचं राहिलं बाजूला. भावोजी त्याला 'आग्रहाचा प्रोग्रॅम' म्हणायला लागले.

पुढे क्लासची मुलं मुंबईच्या परीक्षेला बसली आणि झाडून सगळी नापास झाली. तिथं ओळी लिहायच्या होत्या. पोरांनी पानभर शंकरपाळे काढले. सावर्ड्याच्या एका मुलाचे वडील येऊन हात जोडून म्हणाले, "मास्तर, चित्रं झकास हत. पन पोराक नोकरी व्हयी."

भावोजी त्यांना चहा पाजून एसटीपर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलांकडून ओळी गिरवून घेतल्या, घोटून घेतल्या, स्वल्पविराम चुकला तर पान पुन्हा लिहायला लावलं. पुढच्या खेपेला सगळी पास झाली आणि एकेक करून मुंबईला गेली. पडवी रिकामी झाली.

मी चेष्टेनं म्हटलं, "काय भावोजी, शेवटी रांगेत उभे राहिलात ना?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे, चित्र समजवायला शेजारी माणूस लागतो. ओळीचं तसं नाही, ती एकट्याला वाचता येते. पोरं तिकडं एकटीच असणार."

आणि खांद्यावर पंचा टाकून ते कलमांना पाणी घालायला गेले. थोड्या वेळानं मीही दुसरी कळशी उचलली.