बिनवारस साहेबाचा नवस

"सायकलवरून चिखलीला जाऊ या," असं मार्गरेट म्हणाली आणि मी लगेच हो म्हणून बसले. पन्नासच्या दशकातली थंडी होती आणि आम्ही दोघी अक्कल गहाण टाकायच्या वयाच्या. मार्गरेट माझी पत्रमैत्रीण. नवऱ्याला विलायतेत ठेवून आमच्याकडे पाहुणी आलेली. तिचे वडील बॅरोनेट होते. म्हणजे राजानं दिलेला 'सर' हा किताब, बापाकडून मुलाकडे जाणारा. सात पिढ्या चालला, पण यांना एकुलती एक मुलगी, म्हणून खलास! शिकारीला आले असताना तापानं ते चिखलीत वारले. तिथल्या थडग्यावर तिला पितळी पाटी लावायची होती : 'सातवे आणि अखेरचे'.

तुम्ही निघालात तर पुण्याहून नाशिक रस्ता धरा आणि भोसरीला डावीकडे वळा. आम्हाला भाड्याच्या सायकली बारा आण्यांत मिळाल्या. तुम्हाला आता ट्रक चुकवत जावं लागेल. भोसरीत भजी हाणली. पुढे गाडीवाटेच्या फुफाट्यात आम्ही आळीपाळीनं पडलो आणि हसून हसून पोटं दुखली.

थडगं पाहून मात्र चाटच पडलो. वरच्या चिंचेला लाकडी पाळणेच पाळणे टांगलेले, चौथऱ्यावर चहाची बशी आणि बिस्किटं! ज्या साहेबाचा वंश बुडाला, त्यालाच गावच्या बायका पोरासाठी नवस बोलत होत्या. हे कळल्यावर मार्गरेट हसता हसता मातीतच बसली.

बशी न्यायला आलेल्या म्हातारीनं मार्गरेटच्या हातातल्या पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं.

"अखेरचा? आन ही कोन?"

"त्यांची मुलगी."

"मग वंस बुडला कसा? आसं लिवल्यावर नवसाला कोन यील? ठिवा ती पिशवीत!"

मी सगळं इंग्रजीत सांगितलं आणि मार्गरेटचं हसू थांबलं. तू मुलगा असतीस तर किताब टिकला असता, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती ढसाढसा रडली. मलाही आवरेना.

"माहेरवाशीन हाय ही. बापाच्या दारातनं लेक रिकामी जात न्हाई," म्हणत म्हातारीनं घरून तांदूळ, खण, नारळ आणला. फ्रॉकला पदर कुठला? मार्गरेटनं घेरच पुढे धरला आणि ओटी भरून घेतली.

"मला काय म्हणाल्या त्या?"

"माहेरवाशीण. लेकीच्या बापाचं घर म्हणजे माहेर."

पुण्यापर्यंत ती तो शब्द घोकत आली. पाटी पिशवीतच राहिली.

ते पाळणे आता असतील का, देव जाणे. माझ्यापाशी राहिली ती त्या दिवसाची संध्याकाळ. आमचे धुळीनं माखलेले अवतार पाहून आई दारातच ओरडली, "दिवसभर कुठं उंडारत होता गं दोघी?"

मी तोंड उघडायच्या आत, सूर ओळखून, मार्गरेट म्हणाली, "माहेरी."