सुमनअक्कांचा मोडलेला हात

औरादच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुमनअक्का रोग्याला तपासण्याआधी त्याच्या घरच्यांशी भांडायच्या. "दोन दिस झाले, आन् आता सांगायलाव व्हय?" असं ओरडतच त्या घरात शिरत.

माझ्या वडिलांची, अण्णांची, हैदराबादला बायपास झाली. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांना ताप भरला आणि ते बरळू लागले. आयुष्यात बैलावरही हात न उगारलेल्या या माणसाने आईच्या कपाळावर तांब्या हाणला. रक्ताची धार लागली. काका म्हणाले, "बाहेरचं शिरलंय." त्यांनी अण्णांना खांबाला बांधलं आणि काठीने झोडपायला सुरुवात केली. दोरी छातीवरूनच आवळली होती. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

आईने शेजारणीला धाडून अक्कांना बोलावलं.

"सोडा त्यांला!" अक्का दारातूनच गरजल्या.

"हात लावू नको. तुमचं काय काम हितं?" काका म्हणाले. त्यातल्या 'तुमचं'चा अर्थ सगळ्यांना कळला. अक्का बौद्ध होत्या.

त्या मध्ये घुसल्या. अण्णांवर उगारलेली काठी त्यांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अक्का कळवळल्या, पण हटल्या नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांनी दोरी खाली ओढली, तळवा अण्णांच्या छातीवर ठेवला. अण्णांना खोकला आला, तसा टाक्यांतून पू उसळला.

"मास्तर, हात ठेव हितं."

मी ठेवला. छातीच्या हाडाचे दोन भाग वेगवेगळे हलत होते.

"भूत न्हाई, काई न्हाई. हाड बांधलेल्या तारा सुटल्यात, आत पू झालाय. तापानं डोकं फिरलंय. लई क्वचित होतं असं. आन् तुम्ही त्याच्यावरच दोरी आवळायलाव!"

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून त्यांनी हाड हलू नये म्हणून माझ्याकडून छाती धोतराने बांधून घेतली, अण्णांना उशी कवटाळायला लावली आणि जीपमध्ये स्वतः शेजारी बसल्या. हैदराबादला डॉक्टरांनी छाती पुन्हा उघडली, धुतली, नव्या तारा घातल्या. अण्णा महिन्याने चालत घरी आले. अक्कांचं मनगट मात्र वाकडंच जुळलं.

पुढे त्यांची आळंदला बदली झाली. मी स्टँडवर गेलो आणि म्हणालो, "अक्का, काकांला माफ करा."

"काकाला कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला कळत होतं, मास्तर. तू कामून बोलला न्हाईस?"

गाडी सुटेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.