पांगाऱ्याची बेडकी

सुकलाल भोई याला सुरतेच्या नवागाममध्ये भोई म्हणून कोणी ओळखत नाही. ओळखणार तरी कसं? भोई म्हटला की नदी आली, होडी आली, जाळं आलं. हा माणूस मिसरूड फुटायच्या आधीच खानदेशातलं तापीकाठचं गाव सोडून सुरतेला आला आणि मागाच्या खडखडाटात जो शिरला, तो कान गमावूनच बाहेर पडला. नदी तीच होती म्हणा. वरच्या अंगाला बाप तिच्यात मासे धरायचा आणि खालच्या अंगाला मुलगा तिच्याच काठच्या शहरात साड्यांचं कापड विणायचा. पण एवढ्या वर्षांत सुकलालने तिच्यात पाय म्हणून बुडवला नाही. वेळ नव्हता, असं तो म्हणतो. खरं कारण लाज. बापाने हातात दिलेलं सगळं टाकून आलो, ही टोचणी ज्याला असते, तो नदीच्या वाटेलाच जात नाही.

गेल्या वर्षी त्याच्या खात्यातले, म्हणजे कारखान्यातले, जुने माग भंगारात गेले, पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे नवे आले, आणि जुन्या मागांबरोबर सुकलालही घरी बसला. त्याचं त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. लागलं ते दुसरंच. त्याच्या बायकोने, उषाबाईने, पोटाच्या दुखण्याने अंथरूण धरलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "काका, हवे घरे लई जाओ. जे भावे ते खवडावजो." डॉक्टर भला माणूस, अगदी खालच्या आवाजात बोलला. पण सुकलाल बहिरा. घरी न्या आणि आवडेल ते खायला घाला, हे मुलाला, कुंदनला, बापाच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. सगळ्या व्हरांड्याने ते ऐकलं. बाकावर आडवी झालेल्या उषाबाईनेही ऐकलं.

त्यानंतर तिने जेवणावरची वासनाच सोडली. वरण-भात नको, खिचडी नको, शेजारच्या जयश्रीने करून आणलेला शिरा नको. सुकलाल रोज तिच्या उशाशी बसून विचारायचा, "तुले काय खावानं वाटस, सांग ना." मागावर उभं आयुष्य काढलेली माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच वाचतात. त्यामुळे उषाबाईचा आवाज खोल गेला होता, तरी त्याला काही अडत नव्हतं. एक दिवस तिचे ओठ हलले.

"आबा आनेत ना, तो मरळ. त्याना रस्सा."

आबा म्हणजे सुकलालचे वडील. त्या घरची रीत अशी, की सासरा सुनेशी बोलत नसे आणि सून सासऱ्यासमोर उभी राहत नसे. सुकलाल सुरतेत असताना उषाबाई लग्न होऊन गावच्या घरी आली, तिथेच कुंदनच्या वेळी बाळंत झाली, तोवर आबांनी तिच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. पण बाळंतपणात तिचं अंग पार गळून गेलं, तेव्हा रोज पहाटे उंबऱ्याबाहेर खोकल्याचा आवाज यायचा. तिने बघितलं, की उंबऱ्यावर पळसाच्या पानात ताजा मरळ ठेवलेला असायचा आणि आबा अंगणाच्या टोकाला पाठमोरे चालले असायचे. महिना-सव्वा महिना त्यांनी हे केलं. त्या रश्श्याने ती उठून बसली. सासऱ्याने तिच्याशी केलेलं सगळं बोलणं ते तेवढंच, आणि तिला ते पुरलं होतं.

सुकलाल त्याच दिवशी बाजारात गेला आणि टबात वळवळणारा जिवंत मरळ घेऊन आला. जयश्रीने फर्मास रस्सा केला. उषाबाईने बोट बुडवून चाखलं आणि ताटली सारली. "हाऊ पोसेल शे. हाऊ नदीना नही." जीभ केवढी पारखी बघा! मरणाच्या दारात टेकलेली बाई, पण पोसलेला मासा आणि नदीचा मासा यांत तिला कोणी फसवू शकत नव्हतं. सुकलालला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी तिच्या गोधडीची उसवलेली कड शिवायला म्हणून त्याने तिचा दोऱ्याचा डबा उघडला. सुया एका काळपट लाकडी गोळ्यात टोचलेल्या होत्या. तो गोळा त्याने आयुष्यभर पाहिला होता, पण हातात कधी घेतला नव्हता. उलटा केला तर खाली गंजक्या गळाचं बूड, पुढे दोन खड्ड्यांचे डोळे. ती आबांची बेडकी होती.

पांगाऱ्याचं लाकूड हलकं, पाण्यावर तरंगतं. आबा त्यातून अंगठ्याएवढी बेडकी कोरायचे, तिला गाईच्या शेपटीच्या केसांचे पाय लावायचे, हनुवटीखाली पत्र्याची जीभ ठोकायचे. काठावरच्या गवतालगत ती उडवत आणली की जिभेने पाणी टपटप वाजायचं आणि मरळाला वाटायचं, खरी बेडकीच आली. जाळं नाही, आमिष नाही. आसपासचे भोई हसायचे, आबा रोज मरळ घेऊन यायचे. उषाबाई पुढे सुरतेला निघाली तेव्हा त्यांनी एक बेडकी सुनेच्या बोचक्यात मुकाट्याने घातली होती, हे सुकलालला आत्ता कळलं. लाकूड मऊ, म्हणून उषाबाईने तिच्यात सुया टोचल्या. आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली.

सुकलालच्या अंगात वारं शिरलं. त्याने सुया उपसून भिंतीवरच्या कॅलेंडरवर ओळीने टोचून ठेवल्या. बेडकीची भोकं मेणाने बुजवली, काजळी आणि जवसाचं तेल खलून रंग दिला, गंजका गळ काढून नवा बसवला. पत्र्याची जीभ झडली होती, तिच्या जागी मागावरच्या पातळ पोलादी पट्टीचा तुकडा ठोकला. शेपटीचे केस मिळेनात, तर रेशमी दोऱ्याचे पाय केले. मोरीतल्या बादलीत ती सोडून त्याने हलकेच ओढली. टप, टप. त्याला ऐकू आलं नाही, पण पाण्यावर उठलेली वर्तुळं बघून कळलं. उषाबाई खाटेवरून बघत होती. कित्येक दिवसांनी ती हसली.

भटू हा त्याचा खात्यातला जोडीदार, मोटारसायकल बाळगणारा आणि उगाच फिरकी घेणारा. कुंदनच्या मोबाइलवर रबरी बेडकांनी मासे धरणारी गोरी पोरं बघून त्याने तसला एक बेडूक मागवलाही होता. सुरतेबाहेर चलथाणच्या उसाच्या शेतांमागे एक जुनं तळं आहे, कोणी मासे न सोडलेलं, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत घेणारं. तिथे दोघं जाऊ लागले. भटूच्या रबरी बेडकाला शेवाळाखेरीज काही लागलं नाही. बेडकीकडे बघून तो म्हणायचा, "भाऊ, हाई खेळणावर मरळ येई का?" सुकलाल ऐकू न आल्यासारखं करी. बहिरेपणाचा तेवढाच फायदा.

मरळाचे दात कानशीसारखे. म्हणून बेडकीला आधी हातभर जाड दोरी आणि तिच्यापुढे काठीपर्यंत नायलॉनचा तंगूस, अशी आबांची पद्धत. ही दोन्ही जिथे जुळतात तिथली गाठ आबा कितीतरी वेढे देऊन, थुंकीने ओली करून, सावकाश आवळायचे. सुकलालला ती आठवत होती. तशीच त्याने मारली होती.

बरेच दिवस फुकट गेले. उषाबाई आता पाणीसुद्धा चमच्याने घेत होती. मग एका सकाळी काठालगत पाण्यावर तांबूस खळबळ दिसली. मरळाची पिल्लं, कुंकू सांडावं तशी, आणि खाली त्यांचा राखणदार. पिल्लांवरचा मरळ धरायचा नाही, तो गेला की सगळा पोरवडा जातो, हा आबांचा एकच कडक नियम. सुकलालला तोही आठवला. तो थोडा वेळ थांबला. मग मनात म्हणाला, आबा, तुमच्या सुनेसाठीच, आणि त्याने बेडकी फेकली.

पहिल्या फेकीला बेडकी कमळाच्या देठांत अडकली. हिसका दिल्यावर दोरी आणि तंगूस जिथे जुळत होते तिथेच तुटलं. कंबरभर पाण्यात उतरून त्याने बेडकी सोडवली, पिल्लांवरून नजर न काढता गाठ मारली आणि लगेच पुन्हा फेकली. टप, टप. पाणी फुटलं. काळं, मांडीएवढं अंग उसळलं आणि बेडकी गडप झाली. काठी वाकली. भटू काठावर नाचायला लागला. सुकलालच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते पुसलंही नाही. आणि काठी एकदम सरळ झाली.

तंगूस हातात आला तो टोकाला जरासा मुरडलेला. तुटला नव्हता, सुटला होता. सुकलाल त्या टोकाकडे बघत राहिला. नजर पिल्लांवर असताना हातांनी आपल्या सवयीची गाठ मारली होती. तुटलेला धागा चालत्या मागावर जोडायची ती चपटी गाठ, चुटकीसरशी मारायची, आणि फणीत अडकू नये म्हणून शेपटी दातांनी अगदी मुळाशी तोडायची. सुती धाग्यात ती जन्मात सुटत नाही. गुळगुळीत तंगुसात ती कशी टिकणार?

"गाठ कोनी मारी व्हती, भाऊ?" भटूने विचारलं. खोडी काढण्यासाठी नव्हे, खरंच कळेना म्हणून.

"मीच," सुकलाल म्हणाला.

तळं शांत झालं होतं. पिल्लं तांबूस खळबळ करीत इकडून तिकडे भरकटत होती, आणि खाली कुठेतरी तोंडात बेडकी घेऊन तो मरळ मरणार होता. आबांची शेवटची वस्तू गेली, त्यांचा नियम मोडला, आणि उषाबाईच्या हाती काहीच पडलं नाही. जन्मभर ज्या हातांच्या कसबावर पोट भरलं, त्याच हातांनी घात केला. सुकलालला स्वतःच्या बोटांचा तिटकारा आला.

येताना त्याने भटूला बाजारात गाडी थांबवायला लावली. टबातला मरळ घेतला. जयश्रीला हाक मारली नाही. मासा बाजारचा आहे, हे तिला कळलं असतं. घरी आल्या आल्या त्याने स्वतःच चूल पेटवली, आयुष्यात पहिल्यांदा रस्सा केला, आणि ओल्या, चिखलाने भरलेल्या कपड्यांनिशी वाटी घेऊन खाटेशी बसला.

"सापडना?" सापडला का, असं विचारत उषाबाईचे ओठ हलले.

"सापडना. तळामा व्हता. बेडकीवरच उना."

त्याने चमचा तिच्या तोंडाला लावला. तिने डोळे मिटले. ही बाई आता तोंड फिरवणार, याची त्याला खात्री होती, आणि मनातून त्याला तेच हवं होतं.

"हाऊच," ती म्हणाली. "आबानाच."

आणखी दोन चमचे घेतले तिने. मग त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बेडकी डबामा ठेई द्या. सुया हरपतीन."

"ठेवस," तो म्हणाला.

ती झोपल्यावर त्याने पातेलं पुढे ओढलं आणि एक घास घेतला. रश्श्यात मीठच नव्हतं. घाईत तो घालायलाच विसरला होता. तो घास तोंडात धरून तो तसाच बसला. बोटावरच्या थेंबावरून पोसलेला मासा ओळखणारी ती जीभ गेली होती, किंवा तिला सगळं कळलं होतं आणि तिने त्याच्यासाठी गिळलं होतं. यातलं कुठलं खरं, ते विचारायची त्याची छाती झाली नाही. दोन्हींचा अर्थ एकच होता, ती निघाली होती.

त्याने मिठाचा डबा काढला आणि तसाच परत ठेवला. दुसऱ्या कोणी चाखू नये म्हणून पातेलं पुसून खाल्लं. हात धुऊन आला तेव्हा दोऱ्याचा डबा उशाशी उघडाच होता. कॅलेंडरवर सुया ओळीने टोचलेल्या होत्या. त्या काढून आता कशात टोचायच्या, ते त्याला सुचेना.