डायनिंग टेबलावरचं यार्ड

छंद लहान असला की किस्से फार होतात, का कुणास ठाऊक! आमचं अख्खं यार्ड चार फुटांच्या फळीवर मावतं, पण गोष्टी सांगायला बसलो तर चहा दोनदा गरम करावा लागतो. आता चहा करणारा मीच आणि पिणाराही बहुतेक मीच, ते सोडा.

मी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. बायको जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. दर रविवारी उचगावहून कोल्हापुरात माझ्याकडं दोघं यायचे. बापू, फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायचे, आणि सलीमभाई, मोटर रिवाइंडिंगवाले. तिघांनी मिळून खेळण्यातल्या रेल्वेचं शंटिंग यार्ड, डबे मागंपुढं करून गाडी जुळवायची जागा, बांधायचं ठरवलं.

*

फळी बापूंनी कापली. दोन कपाटांच्या मध्ये नेमकी चार फूट जागा होती. फळी आली, तर अर्धा इंच जास्त! ठोकून पाहिली, तिरकी करून पाहिली. शेवटी सलीमभाईंचं लक्ष बापूंच्या पट्टीकडं गेलं. ती फाउंड्रीची पट्टी! ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून तिच्यावर प्रत्येक माप जरा मोठंच असतं.

"बापू, ही फळी भट्टीत घालायची हाय व्हय?"

"चाळीस वर्षं हीच पट्टी हाय की हातात! सवय जाती व्हय लगेच?"

पुन्हा कापायला बापू तयार होईनात. मग फळी डायनिंग टेबलावर मांडली. एकट्याला टेबल लागतं किती? मी ताट मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

*

समोरच्या घरी मलकापूरचे पाहुणे आले होते. ते आमची गाडी बघायला आले. इंजिन पुढं जातं, डबा जोडतं, मागं येतं. पाहुण्यांनी पंधरा मिनिटं दम धरला.

"व्हय, पर ही गाडी जाती कुठं?"

"कुठंच न्हाय," सलीमभाई म्हणाले.

"मंग?"

"पावणं, कोल्हापूरच्या स्टेशनात आल्यावर खरी गाडी तरी पुढं कुठं जाती? रूळच संपत्यात की!"

पाहुणे चहा न घेताच गेले.

*

खेळ असा. आठ वाघिणी, प्रत्येकीच्या नंबरची एक अशा आठ चिठ्ठ्या. पाच चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्याच क्रमानं वाघिणी इंजिनाला जोडायच्या. हात लावायचा नाही.

एकदा ऐन डावात मुलीचा फोन आला.

"बाबा, एकटे काय करत बसता?"

"आठ वाघिणी आहेत गं. चार लाइनीत आल्या, पाचवी हलेना!"

तिनं घाईनं फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिनं सलीमभाईंना फोन लावला. "काका, बाबा नीट बोलतात ना?"

"बेटा, मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणत्यात. तुझं बाबा ठणठणीत हायत. तू तेवढी येऊन जा की."

आम्ही पोट धरून हसलो. ती अजून यायची आहे.

*

मग यार्ड पूर्ण झालं. तिथंच चुकलं! सिग्नल लागला, रंग वाळला, बापूंनी हात झटकले. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बापूंचे गुडघे, सलीमभाईंची नातवंडं. कारणं खरीच होती. मी एकट्यानंच चिठ्ठ्या काढल्या, एकट्यानंच गाडी लावली आणि मोठ्यानं म्हणालो, "जमलं!" घरात माझाच आवाज ऐकून फार वाईट वाटलं.

तिसऱ्या शनिवारी फळीखाली हात घालून लाल वायर उपटली आणि फोन केला.

"सलीमभाई, गाडी बंद पडली हो!"

रविवारी दोघंही हजर! सलीमभाईंनी सोल्डर मारला, बापूंनी मला झापलं, "मास्तर, तुमाला एक वस्तू धड ठेवाय येत न्हाय!" चारपर्यंत बसले. पुढच्या महिन्यात ती वायर आणखी दोनदा निघाली. सलीमभाई टोक निरखून बघायचे आणि पुन्हा जोडायचे.

*

आता मागच्या रविवारचा किस्सा. मनाशी ठरवलं होतं, बास झालं, म्हाताऱ्या माणसांना किती पळवायचं? वायरीला हात लावला नाही, फोनही केला नाही. गाडी छान चालली होती.

दहाला बेल वाजली. दारात सलीमभाई, हातात सोल्डरिंगची पिशवी. मागं बापू, गुडघ्याला पट्टा.

"कुठली वायर निघाली?"

"कुठलीच नाही. सगळं चालू आहे."

"बघू तर."

सलीमभाईंनी चपला काढल्या, चष्मा लावला, फळीखाली हात घातला आणि लाल वायर खस्सकन ओढून काढली.

"ही बघा, निघाली की! बापू, बसा. लई काम हाय."